शेवटचा सेंटिमीटर

मॅमोग्राफीच्या खोलीत आलेली जवळजवळ प्रत्येक बाई आधी एकच विचारते, "दुखेल का हो?" माझं उत्तर ठरलेलं आहे. दाब चांगलाच जाणवेल, थोडं दुखेलही, पण प्रत्येक फोटोला काही सेकंदच. सहन झालं नाही तर 'थांबा' म्हणा, मी थांबेन. "अजिबात दुखत नाही" असं सांगितलं, तर पहिल्याच दाबाला तिचा विश्वास उडतो आणि उरलेले तीन फोटो ती अंग आखडून देते. आखडलेल्या अंगाचा फोटो अपुरा येतो. त्यामुळे या कामात खरं बोलणं हाही तंत्राचाच भाग आहे.

फोटोआधी थोडी विचारपूस होते. वय, शेवटची पाळी, दिवस गेल्याची शक्यता, हाताला गाठ लागते का, आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता का. मग विचारते, आज काखेत डिओ किंवा पावडर लावलीय का? लावली असेल तर ओल्या कापसानं पुसून घेते. डिओतल्या ॲल्युमिनियमचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात, आणि आम्ही शोधत असतो तेही पांढरे ठिपकेच. कॅल्शियमचे, कधी कधी अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. मंगळसूत्र काढायला कुणी कचरत असेल तर ते पाठीवर सोडून चिकटपट्टीनं धरून ठेवते. त्यावरून वाद घालायचा नाही.

फोटो चार असतात. प्रत्येक बाजूचा एक वरून खाली आणि एक तिरका. वरून घ्यायच्या फोटोत बाईला मशिनला अगदी भिडून उभं करायचं, मान दुसऱ्या बाजूला वळवायला सांगायची. स्तन खालच्या घडीपासून तळहातावर उचलायचा, प्लेट त्या उंचीला आणायची आणि छातीच्या भिंतीपासूनचा भाग पुढे ओढून घ्यायचा. दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून वरचं पॅडल पायाच्या पेडलनं खाली आणायचं. ते टेकत आलं की माझा हात हळूहळू बोंडाच्या दिशेनं बाहेर काढत न्यायचा. घाईनं काढला तर ओढून आणलेला भाग परत मागे सरकतो.

कस लागतो तो तिरक्या फोटोत. मशिन साधारण ४५ अंशांत कलतं, प्लेटचा कोपरा काखेच्या मागच्या बाजूला बसतो. इथे छातीचा स्नायू निदान बोंडाच्या पातळीपर्यंत फोटोत उतरला पाहिजे, खालची घडी उघडी दिसली पाहिजे, कुठे चुणी पडता कामा नये. खांदा ताठ असेल तर स्नायू घट्ट होतो आणि त्यामागचं काहीच पुढे येत नाही. "मावशी, खांदा सोडा. हात नुसता ठेवा, दांडा धरू नका," असं सांगत, हलक्या आवाजात बोलत राहते. एकाच बाजूच्या दोन्ही फोटोंत बोंडापासून मागपर्यंतची खोली मोजून बघतात. ती एकमेकींच्या एका सेंटिमीटरच्या आत जुळायला हवी. नाही जुळली, तर मागचा भाग कुठल्या तरी फोटोत सुटला. त्या शेवटच्या सेंटिमीटरमध्ये गाठ असेल, तर जगातला सर्वांत हुशार रेडिओलॉजिस्टही ती वाचू शकत नाही.

"एवढं दाबता कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. तांदळाच्या ढिगातला खडा दिसत नाही, ताटात पसरले की दिसतो. स्तनातल्या ऊतींचं तसंच आहे. शिवाय जाडी कमी झाली की किरणं कमी लागतात, आणि हालचाल थांबल्यानं फोटो पुसट होत नाही. मी शिशाच्या काचेमागे जाते, "श्वास रोखा" म्हणते, आणि फोटो निघाला की पॅडल आपोआप सुटतं.

त्यानंतरचा क्षण मला अजूनही जड जातो. बाई स्क्रीनकडे बघत नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघते. "काही दिसलं का हो?" निदान सांगण्याचा अधिकार माझा नाही. "फोटो नीट निघालेत, रिपोर्ट डॉक्टर देतील," हे वाक्य मी प्रत्येकीला सारख्याच स्वरात सांगते, म्हणजे त्या स्वरावरून कुणी अंदाज बांधू नये. पुन्हा बोलावणं आलं, रिपोर्टवर 'बायरॅड्स झिरो' लिहिलं असलं, तरी त्याचा अर्थ कर्करोग असा नव्हे. माहिती अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, एवढंच ते सांगतं.

'ग्लोबोकॅन' या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या अंदाजानुसार भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला. आपल्याकडे सर्व स्त्रियांची नियमित मॅमोग्राफी होत नाही, बऱ्याच जणी गाठ लागल्यावरच येतात. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी ठरावीक अंतरानं हातानं तपासलं. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तपासलेल्या गटातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. मशिन असो वा नसो, नीट शिकवलेल्या हातांची किंमत त्यातून कळते.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकीला सांगणं आहे. पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात या, तेव्हा दुखणं कमी असतं. डिओ-पावडर लावू नका. जुने फोटो आणि रिपोर्ट सोबत आणा, कारण आधीच्या फोटोत नसलेला ठिपका तुलनेतच सापडतो. तिशीच्या आसपास स्तन दाट असतात, तेव्हा डॉक्टर आधी सोनोग्राफी सांगतात. ती कमी दर्जाची तपासणी नव्हे. आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी हाताला गाठ लागत असेल, तर गप्प बसू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा. काही कर्करोग मॅमोग्राफीत दिसतच नाहीत.