लेकीचा पहिला वाढदिवस आणि केकचा हिशेब

पीक घेण्याआधी बियाणे, खत, औषध, मजुरी आणि वाहतूक यांचा खर्च वहीत मांडावा, असे आम्ही विस्तार खात्याची माणसे नेहमी सांगत असतो. पुष्कळजण आता तसा हिशेब ठेवतातही. पण घरात एखादा आनंदाचा प्रसंग निघाला की हीच वही फळीवर जाते. लग्न, बारसे, जावळ यांचे असे होतेच. आता त्यात बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची भर पडली आहे. पूर्वी बाळाला न्हाऊ घालून औक्षण करायचे, शिऱ्याची वाटी शेजारी पाजारी द्यायची, की वाढदिवस झाला. आज केक लागतो, आणि तोही बाळाच्या नावाचा, सांगून करून घेतलेला. त्यात वावगे काही नाही. बाळाचे पहिले वर्ष सुखरूप पार पडणे ही काही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच आहे की, तो केक कोणत्या पैशातून यावा आणि केवढा असावा?

पिंपळवंडी हे पुणे-नाशिक रस्त्यावरचे, नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या मधले गाव. तेथील एका टोमॅटो उत्पादकाच्या घरी २०२३ साली जे घडले, ते सांगितले म्हणजे मुद्दा ध्यानात येईल.

जुलैचा भाव, सप्टेंबरचा वाढदिवस

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, हे आपल्याला आठवतच असेल. या घरातला पहिला तोडा त्या भावात गेला. घरात वर्षाच्या आतली मुलगी, पहिलीच लेक. सप्टेंबरच्या अखेरीस तिचा वाढदिवस होता. नवरा-बायकोने उत्साहाच्या भरात पाच किलोच्या दोन मजली केकची ऑर्डर देऊन टाकली. दर किलोला ९०० रुपये, म्हणजे ४,५०० झाले. वर साखरेच्या बाहुल्यांचे ६०० आणि घरपोच आणून देण्याचे २००. एकूण ५,३०० रुपये. त्यांपैकी हजार रुपये आगाऊ दिले. त्या दिवशीच्या भावाने हा तीन क्रेटांत बसणारा केक होता.

पुढे भाव घसरला. सप्टेंबरात याच शेतकऱ्याला क्रेटला सव्वाशे रुपये मिळू लागले. तोडणी, वाहतूक, हमाली जाता हातात सत्तर रुपये उरत. मी कांद्याच्या रोपवाटिकेसंबंधी बोलायला गेलो असता तो म्हणाला, "भाऊसाहेब, जुलैत हा तीन क्रेटांचा केक होता. आता त्याच केकपायी पाऊणशे क्रेट तोडावे लागतील!"

घरात रोख होते ते आजीने दुधाच्या पगारातून बाजूला टाकलेले. आगाऊ दिलेले हजार धरून सात हजार रुपये. आणि वाढदिवसाचा अंदाज काढला, तर केक ५,३००, ऐंशी माणसांचे खाणे ४,५००, मांडव, फुगे आणि स्पीकर १,५००, कपडे १,२००. बेरीज १२,५०० रुपये. साडेपाच हजारांची तूट. ती भागवायला हातउसने घेण्याचे चालले होते, आणि पुढ्यात कांद्याच्या लागवडीचा खर्च उभा होता.

सुनेचे म्हणणे

केक लहान करा, एवढे सांगून मला मोकळे होता आले असते. पण सूनबाई म्हणाली, "भाऊसाहेब, मागच्या साली मोठ्या भाऊजींच्या मुलाला दोन मजली केक होता. आता माझ्या लेकीला लहान आणला, तर सगळे म्हणतील, पोरगी आहे म्हणून हात आखडला."

या बोलण्याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते, कारण ते खोटे नव्हते. आपल्याकडे मुलीच्या वेळी हात आखडतो, हे आपण सारेच पाहत आलो आहोत. भाव पडला हे खरे. पण त्याची झळ नेमकी लेकीच्याच वाढदिवसाला का लागावी, असे तिचे म्हणणे. म्हणून आम्ही ठरवले की, लेकीसाठी ठेवलेल्या सात हजारांतला एक रुपयाही दुसरीकडे वळवायचा नाही, आणि सात हजारांच्या वर एक रुपयाही जायचा नाही. मग ओसरीवर बसून वही उघडली.

आधी माणसे मोजा, मग किलो

केकची ऑर्डर देताना बहुतेक लोक आधी चित्र पाहतात, मग किलो ठरवतात आणि शेवटी पैसे विचारतात. हा क्रम उलटा करावा. आधी पैसे, मग माणसे, मग किलो आणि शेवटी चित्र.

एका माणसाला ५० ग्रॅमचा तुकडा पुरतो, कारण केकबरोबर दुसरे खाणे असतेच. म्हणजे एका किलोत वीस तुकडे. ऐंशी माणसांना चार किलो झाले. पण हे चारही किलो सजवलेले कशाला हवेत? कापायचा केक तेवढा सजवलेला घ्यावा. वाटायचा केक क्रीम न लावलेला, ताटातला साधा घ्यावा. आत नेऊन कापल्यावर पाहुण्यांच्या ताटलीत दोन्हींचे तुकडे सारखेच गोड लागतात.

आम्ही हिशेब मांडला तो असा. सजवलेला केक दीड किलो, किलोला ७०० प्रमाणे १,०५० रुपये. साधा केक अडीच किलो, किलोला ३६० प्रमाणे ९०० रुपये. नाव घालणे आणि मेणबत्ती मिळून १०० रुपये. केक स्वतः जाऊन आणायचा. एकूण २,०५० रुपये. माणसे तेवढीच, प्रत्येकाच्या वाट्याला तुकडाही तेवढाच, आणि वाचले ३,२५० रुपये. आपल्या बाजारातले दर यापेक्षा कमी-जास्त असतील. तेथील दर विचारून याच रीतीने आकडे घालावेत.

पैसा कोठे जातो?

केकची किंमत मैदा, साखर आणि अंड्यांमुळे फार चढत नाही. ती चढते हातकामामुळे. साखरेच्या लगद्याची पोळी लाटून केकवर चढवतात, तिला फाँडंट म्हणतात. बाहुल्या, ट्रॅक्टर, प्राणी याच लगद्याचे करतात. त्याला तासन्‌तास लागतात, म्हणून मजुरी जास्त पडते. ती मागणाऱ्याचे काही चुकत नाही. पण हा लगदा बहुतेकजण ताटलीच्या कडेला काढून ठेवतात, आणि किलोच्या वजनात मात्र तो मोजला जातो. बिनअंड्याच्या केकला काही ठिकाणी वेगळा दर असतो, तोही आधी विचारावा.

दुसरी गोष्ट मजल्यांची. उंच केकमधला एखादा मजला थर्माकोलचा असू शकतो. दिसण्यासाठी तसे करण्यात गैर नाही, पण तो किलोत धरलेला नसावा. टोमॅटोचा क्रेट काट्यावर ठेवताना आपण रिकाम्या क्रेटचे वजन वजा करतो ना? मग केकच्या वजनात खालचा पुठ्ठा आणि खोका धरला आहे की नाही, हे विचारण्यात लाज कसली?

तोंडी सौदा नको, चिठ्ठी हवी

आता गावोगावच्या भगिनी घरी केक करून विकतात. त्यांच्याकडून जरूर घ्यावा. गावातला पैसा गावातल्या घरात जातो. मात्र त्यांच्याकडे अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आहे का, हे पाहावे. घरगुती धंद्यालाही ती लागते. आणि ऑर्डर देताना पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात :

१. निव्वळ वजन किती आणि किलोचा दर काय?
२. अंडे घातलेला की बिनअंड्याचा?
३. सजावट, बाहुल्या आणि पोच यांचे वेगळे पैसे किती?
४. आगाऊ किती दिले आणि बाकी किती?
५. बदल करायचा झाल्यास किती दिवस आधी सांगावे आणि आगाऊ पैशाचे काय?

पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. या कुटुंबाने जुलैत केलेला सौदा तोंडी होता. सुदैवाने केक करणारी बाई समजूतदार निघाली. वाढदिवसाला दहा दिवस होते, तिने सामान आणले नव्हते, म्हणून तिने ऑर्डर बदलून दिली आणि हजार रुपये नव्या हिशेबात धरले. आदल्या दिवशी सांगितले असते, तर नुकसान तिचे झाले असते किंवा यांचे.

ज्याचा वाढदिवस, त्याने काय खावे?

केक बाळाच्या नावाचा असला, तरी तो बाळाच्या पोटासाठी नसतो. दोन वर्षांपर्यंत मुलाला वरून घातलेली साखर देऊ नये, असे आहारतज्ज्ञ सांगतात. साखरेचे कडक मणी आणि गोळ्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. बाहुल्या उभ्या राहाव्यात म्हणून आत काडी किंवा तार घातलेली असते. म्हणून बाळाच्या ओठाला क्रीमचे बोट लावायचे तेवढे लावावे आणि त्याच्यासाठी घरीच वेगळा केक करावा.

दोन पिकलेली केळी कुस्करून घ्यावीत. त्यात वाटीभर बारीक रवा, पाऊण वाटी दूध, दोन चमचे दही आणि चमचाभर तूप घालून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. शेवटी चिमूटभर खायचा सोडा घालून मिश्रण तूप लावलेल्या डब्यात ओतावे आणि ढोकळ्यासारखे वीस-पंचवीस मिनिटे वाफवावे. साखर घालूच नये. केळ्याची गोडी बाळाला पुरते. गहू, दूध आणि केळे बाळाने आधी खाल्लेले असावे. यातले काही त्याला बाधत असेल, तर ते वगळावे.

आणखी एक सावधगिरी. वाढदिवसाला बर्फासारखा फेस उडवण्याचे डबे आणतात. हा फेस मेणबत्तीजवळ उडवल्यास भडका उडू शकतो. बाळ मांडीवर असताना असला खेळ अजिबात नको.

वेळ कोणती ठेवावी?

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. रात्री नऊ वाजता केक कापायचा आणि पाहुण्यांनी मुलाबाळांसह अंधारात मळ्यातल्या वस्तीवर परतायचे, हे शहाणपणाचे नाही. कार्यक्रम दिवसाउजेडी आटोपावा. मात्र दुपारच्या उन्हात क्रीम ढिले पडते. तेव्हा केक सकाळीच आणून ठेवू नये. तासभर आधी आणावा. मोटारसायकलवर मांडीवर धरून आणण्यापेक्षा चारचाकीत सपाट जागी ठेवून आणावा. या घरी दुपारी चारला पाहुणे बोलावले आणि सहाच्या आत सारे उरकले. मांडवाऐवजी अंगणात घरच्या ताडपत्र्या लावल्या.

वहीचा शेवटचा आकडा

केक २,०५०. खाण्याला मसालेभात आणि घरच्या ताकाचा मठ्ठा, ३,०००. फुगे आणि पताका ३००. कपडे ९००. एकूण ६,२५० रुपये. सात हजारांतून साडेसातशे उरले. त्यांतले अडीचशे आयत्या वेळच्या खर्चाला ठेवले आणि पाचशे रुपयांतून आदल्या दिवशी पोस्टात लेकीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडले.

ही योजना २०१५ साली सुरू झाली. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावाने पालकांना हे खाते काढता येते. जन्माचा दाखला आणि पालकांची कागदपत्रे लागतात. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. भरणा पंधरा वर्षे करायचा असतो आणि खात्याची मुदत एकवीस वर्षांची असते. मुलगा असेल तर पोस्टात महिन्याला शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव काढता येते. दर वाढदिवसाला खात्यात भर घालण्याची रीत घरात पडली, तर ती केकपेक्षा जास्त दिवस टिकेल.

तात्पर्य काय? घरचा कार्यक्रम तोडलेल्या मालाच्या पैशावर ठरवावा, उभ्या पिकाच्या भावावर नव्हे. आणि मुलगा असो वा मुलगी, दोघांसाठी वहीतले पान सारखेच असावे.

त्या दिवशी मलाही बोलावणे होते. लेकीने केळ्याच्या केकमध्ये दोन्ही हात घातले आणि तोंडभर माखून घेतले. पाहुण्यांपैकी एका बाईने विचारलेच, "का हो आजी, या केकला दुसरा मजला नाही का?"

आजींनी शांतपणे उत्तर दिले, "आहे की. तो पोस्टात ठेवलाय."

सूनबाई हसली, आत गेली आणि पासबुक आणून तिने त्या बाईंच्या हातात दिले.