फरशीवर उमटलेली भीती

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात ऊस डोक्याच्या वर गेला, की रात्री वस्तीवरचं कुत्रं बाजेखालून हलायला तयार नसतं. मालक वैतागून म्हणतो, "पार भित्रं निघालं!" मला मात्र ते मालकापेक्षा जास्त माहितगार वाटतं.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा दर 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास 5 बिबटे असल्याचं दिसलं. जंगल नव्हे, माणसांनी गजबजलेला मुलूख! मग त्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचं खाणं शोधलं. वजनाच्या हिशेबानं 39 टक्के भक्ष्य कुत्र्यांचं निघालं. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा जेमतेम 11 टक्के. शेळीला रात्री गोठ्यात कोंडतात, कुत्रं मोकळं असतं. ज्याचं नाव यादीत सर्वांत वर, त्यानं घाबरू नये तर काय करावं?

आणि घाबरायला त्याच्याकडे साधनं तरी किती! आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख. त्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात. आपला कान 20 हजार हर्ट्‌झला थांबतो, त्याचा 45 हजारांपर्यंत ऐकतो. धोक्याची खूण पटली, की मेंदूतलं बदामाच्या आकाराचं अमिग्डाला इशारा देतं आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलीन सोडतात. काळीज धडधडतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, पचन थांबतं. म्हणून घाबरलेलं कुत्रं आवडती भाकरीही हुंगत नाही. तळव्यांना घाम सुटतो आणि फरशीवर ओल्या पंजांचे ठसे उमटतात. त्याची भीती आपल्याला अशी चक्क जमिनीवर पाहता येते!

ही भीती मुरते किती खोल? 1924 साली लेनिनग्राडला पूर आला आणि कुत्र्यांवर शिकण्याचे प्रयोग करणारे शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्री कशीबशी वाचली, पण काहींचे महिनोन्‌महिने गिरवलेले धडे पुसून गेले. पुढे एक कुत्रं सावरल्यावर दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली, तर ते पुन्हा सैरभैर झालं. पूर ओसरला होता, शरीरातला ओसरला नव्हता.

आता अहिल्यानगर शहरातल्या फ्लॅटमधलं पाळीव कुत्रं घ्या. त्याच्या दारात बिबट्या येत नाही, पण यंत्रणा तीच. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटतो आणि ती पूर्ण ताकदीनं सुरू होते. माझ्या मते हा प्रकार बिबट्याहून अवघड आहे. बिबट्याला वास असतो, दिशा असते, तो निघूनही जातो. फटाक्याला आधी वास नाही, दिशा कळत नाही, आणि पुढचा कधी फुटेल याचा नेम नाही. वाट पाहत थरथरत राहायचं, हीच चिंता. फिनलंडमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13,700 कुत्र्यांची माहिती गोळा केली होती. त्यांतली सुमारे एक तृतीयांश आवाजाला घाबरणारी होती.

ही चिंता आपल्या नजरेतून निसटते, कारण कुत्रं दर वेळी केकाटत नाही. झोप नसताना जांभई देतं, ओठ चाटतं, डोळ्यांचं पांढरं दाखवतं. शेपूट हलते म्हणजे खूश, असंही नाही. इटलीतल्या संशोधकांना आढळलं, की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे.

"जवळ घेतलं तर लाडावून जास्त घाबरेल" असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. भीती लाडानं वाढत नाही, मारानं आणि ओरडण्यानं वाढते. त्याला पलंगाखाली बसायचं असेल तर बसू द्या, ओढून काढू नका. फटाक्यांचा आवाज मोबाईलवर अगदी हळू लावून सोबत खाऊ द्यायचा आणि दिवसेंदिवस आवाज थोडा वाढवायचा, हा उपाय चालतो. पण त्याला आठवडे लागतात. तेव्हा यंदा लक्ष्मीपूजनाची वाट पाहू नका. दसऱ्यालाच सुरुवात करा, कुत्रं फारच घाबरट असेल तर पशुवैद्यांना आधीच दाखवा, आणि घरातली माणसांची झोपेची गोळी त्याला चुकूनही देऊ नका.