प्रोग्रेस अवकाशयान

अवकाशस्थानकातील रहिवाशांना इंधन, पाणी, अन्न, ऑक्सिजन व उपकरणे पोहोचविणारे मानवरहित मालवाहू यान. ते सोव्हिएट संघात विकसित झाले व १९९१ नंतर रशियाने त्याचा वापर चालू ठेवला. स्थानकात किती माणसे व किती काळ राहू शकतील, हे बव्हंशी अशा यानांच्या खेपांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी : सॅल्यूट–१ (१९७१) व अमेरिकेचे स्कायलॅब (१९७३) या प्रारंभीच्या स्थानकांत लागणारा बहुतेक साठा प्रक्षेपणाच्या वेळीच भरून ठेवावा लागे व तो संपत आला की स्थानकाचा उपयोगही संपे. शिवाय काहीशे किमी. उंचीवरही विरळ हवा असते व तिच्या रोधामुळे स्थानकाची कक्षा हळूहळू खालावते. स्कायलॅब वर ढकलणारे यान वेळेत सिद्ध न झाल्याने ते जुलै १९७९ मध्ये वातावरणात शिरून मोडले व त्याचे अवशेष पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. २९ सप्टेंबर १९७७ रोजी सोडलेल्या सॅल्यूट–६ ला मात्र दोन जोडद्वारे होती. एका द्वाराशी अंतराळवीरांचे सोयूझ यान जोडलेले असतानाच दुसऱ्या द्वाराशी मालवाहू यान जोडता येऊ लागले.

रचना : प्रोग्रेसचा आराखडा सोयूझवर आधारलेला असून त्याचे तीन भाग असतात. पुढील भागात कोरडा माल असतो व जोडणीनंतर अंतराळवीर दार उघडून त्यात प्रवेश करतात. सोयूझमध्ये जेथे परतीचा कोश असतो, तेथे येथे द्रवांच्या टाक्या असतात. मागील भागात एंजिन व नियंत्रण उपकरणे असतात. उष्णतारोधक कवच, आसने इ. वगळल्यामुळे मालासाठी जागा व वजन उपलब्ध होते. प्रारंभीच्या यानाचे वजन सु. ७,००० किग्रॅ. असून ते सु. २,३०० किग्रॅ. माल नेई.

कार्यपद्धती : यान सोयूझ अग्निबाणाने सोडले जाते. पूर्वी स्थानकापर्यंत पोहोचण्यास सु. दोन दिवस लागत. जुलै २०१८ मध्ये ही जोडणी सु. ३ तास ४० मिनिटांत झाली. यान व स्थानक यांतील रेडिओ उपकरणे अंतर व वेग मोजतात आणि त्यांनुसार यान आपोआप जवळ येते. ही यंत्रणा बिघडल्यास स्थानकातील अंतराळवीर दूरदर्शन चित्र पाहून यान हाताने चालवू शकतो. इंधन व ऑक्सिडीकारक विषारी असल्याने त्यांचे नळ वस्तीच्या भागातून न नेता बाहेरून, जोडद्वाराच्या कड्यातून नेलेले असतात. स्थानकाच्या टाक्यांतील वायूचा दाब प्रथम कमी करतात. मग यानाच्या टाक्यांतील अधिक दाबामुळे द्रव तिकडे वाहू लागतात. यानाचे एंजिन चालवून स्थानकाची कक्षाही उंचावता येते. शेवटी त्यात केरकचरा भरतात व ते दक्षिण पॅसिफिक महासागरावरील वातावरणात जाळून टाकतात.

इतिहास : प्रोग्रेस–१ हे २० जानेवारी १९७८ रोजी निघून दोन दिवसांनी सॅल्यूट–६ ला जोडले गेले. तेथील यूरी रोमानेंको व गेओर्गी ग्रेचको हे अंतराळवीर ९६ दिवस राहून परतले. त्यापूर्वीचा उच्चांक स्कायलॅबवरील ८४ दिवसांचा होता. सॅल्यूट–६ कडे एकूण बारा प्रोग्रेस याने गेली व तेथील मुक्काम पुढे १८५ दिवसांपर्यंत वाढला. २५ जून १९९७ रोजी हस्तचालित जोडणीची चाचणी चालू असता प्रोग्रेस एम–३४ हे यान मीर स्थानकाच्या स्पेक्टर या कक्षावर आदळले. कक्षाला छिद्र पडून हवेचा दाब घटू लागला, तेव्हा अंतराळवीरांनी मधल्या दारातून गेलेल्या तारा तोडून तो कक्ष बंद केला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान नष्ट झाल्यावर अमेरिकन अवकाश विमानांची उड्डाणे थांबली. तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला माल पुरविण्याचा भार प्रोग्रेसवर पडला. एवढ्या मालात तिघांचा निर्वाह कठीण असल्याने स्थानकात दोघांनाच ठेवण्यात आले.

इतर याने : या अनुभवानंतर पुरवठ्यासाठी अनेक स्वतंत्र याने वापरात आली : यूरोपचे एटीव्ही (२००८–१५), जपानचे एचटीव्ही (२००९–२०), अमेरिकेतील कंपन्यांची ड्रॅगन (२०१२ पासून) व सिग्नस (२०१३ पासून). यांपैकी ड्रॅगन माल पृथ्वीवर परतही आणते. चीनने आपल्या स्थानकांसाठी २०१७ पासून त्यान्‌जौ हे यान वापरले आहे. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या अवधीत सिग्नस, प्रोग्रेस व ड्रॅगन यांची प्रत्येकी एक खेप वाया गेली. तथापि राखीव साठा व पुढील खेपा यांमुळे आंतरराष्ट्रीय स्थानक रिकामे करण्याची वेळ आली नाही.