चित्राचें मोल आणि विकणाराची ग्वाही

सोनें घेणारा मनुष्य सराफाच्या कसोटीवर विसंबतो, धान्य घेणारा तराजूवर. चित्र विकत घेणाराजवळ मात्र यांपैकीं कोणतेंच साधन नसतें. हातभर कापड आणि थोडासा रंग यांस एके ठिकाणीं कोणी फुकट घेत नाहीं, तर दुसऱ्या ठिकाणीं त्यांसाठीं कोट्यवधि रुपये मोजले जातात. हा फरक कोण पाडतो? चित्रकार पाडतो, असें पुष्कळांस वाटतें. परंतु चित्रकार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्यें जो तिसरा मनुष्य उभा असतो, त्याचा वांटाही यांत फार मोठा आहे. हा तिसरा मनुष्य म्हणजे चित्रांच्या पेढीचा, म्हणजेच गॅलरीचा, चालक. तो केवळ रंगविलेलें कापड विकत नाहीं. 'हें चित्र अमक्याच्या हातचें आहे आणि तें मोलाचें आहे' ही आपली ग्वाही तो त्याबरोबर विकतो. या ग्वाहीची कथा तीन चित्रपटांनीं तीन तऱ्हांनीं सांगितली आहे.

पहिला चित्रपट 'लस्ट फॉर लाइफ', १९५६ सालचा. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचें चरित्र त्यांत असून नायकाची भूमिका कर्क डग्लस यानें केली आहे. व्हिन्सेंट स्वतः सोळाव्या वर्षीं हेग शहरांतील गूपिल नांवाच्या चित्रांच्या पेढीवर नोकरीस लागला होता. पण तो धंदा त्यास मानवला नाहीं. त्याचा धाकटा भाऊ थिओ मात्र त्याच धंद्यांत राहिला व पॅरिसमध्यें पेढीच्या एका शाखेचा व्यवस्थापक झाला. भावास तो नियमानें पैसे व रंग पाठवी, आणि भाऊ त्यास चित्रें पाठवी. चित्रें खरीं होतीं, थिओची ग्वाहीही खरी होती. पण ती मानणारें गिऱ्हाईक नव्हतें. १८९० सालीं ब्रुसेल्स येथील प्रदर्शनांत 'लाल द्राक्षमळा' हें चित्र ४०० फ्रँकांस विकलें गेलें, हें त्याच्या हयातींतील थोडक्या विक्रीचें उदाहरण होय. त्याच वर्षीं जुलैमध्यें व्हिन्सेंट निवर्तला आणि सहा महिन्यांनीं थिओही गेला. चित्रपट व्हिन्सेंटच्या मृत्यूशीं संपतो. परंतु चित्रांची कथा तेथें संपत नाहीं. थिओची विधवा योहाना हिनें तीं चित्रें जतन केलीं, प्रदर्शनांस पाठविलीं, जपून विकलीं, आणि १९१४ सालीं दोघां भावांचा पत्रव्यवहार छापला. पतीची न मानली गेलेली ग्वाही तिनें जगाकडून मानवून घेतली. चित्रांत एक रेघही बदलली नव्हती. बदलली ती पाहणारांची श्रद्धा.

दुसरा चित्रपट 'बिग आइज', टिम बर्टन याचा, २०१४ सालचा. त्यांतील घटना अमेरिकेंत प्रत्यक्ष घडलेल्या आहेत. मार्गारेट कीन ही बाई मोठमोठ्या, करुण डोळ्यांच्या मुलांचीं चित्रें काढी. तिचा पति वॉल्टर हा बोलण्यांत मोठा चतुर. चित्रांवर नुसतें 'कीन' एवढेंच आडनांव असे. त्याचा लाभ घेऊन 'हीं चित्रें माझीं' असें तो लोकांस सांगूं लागला. त्यानें स्वतःची गॅलरी थाटली, चित्रांच्या स्वस्त छापील प्रती काढल्या, आणि १९६० च्या सुमारास त्या अमेरिकेंत घरोघर पोंचल्या. खरी चित्रकर्त्री मात्र बंद खोलींत रंगवीत बसे. तिच्या मुलीलाही तें रहस्य कळूं द्यावयाचें नव्हतें. येथें चित्र खरें होतें, ग्वाही खोटी होती. बाई पतीपासून वेगळी होऊन हवाई बेटांत गेली, १९६५ मध्यें घटस्फोट झाला, आणि १९७० सालीं रेडिओवरून तिनें सत्य सांगितलें. १९८६ सालीं होनोलुलूच्या न्यायालयांत दोघांनाही समोरासमोर चित्र काढण्यास सांगण्यांत आलें. वॉल्टरनें खांदा दुखत असल्याचें कारण सांगितलें. मार्गारेटनें ५३ मिनिटांत चित्र पुरें केलें. ज्यूरीनें तिला ४० लक्ष डॉलर देवविले. पुढें वरिष्ठ न्यायालयानें ती रक्कम रद्द केली, तरी तिची बदनामी झाली हा निर्णय कायम राहिला. रक्कम गेली, पण तिचें नांव तिला परत मिळालें.

तिसरा 'मेड यू लुक' हा २०२० सालचा माहितीपट आहे. न्यूयॉर्कमधील नोडलर ही गॅलरी १८४६ सालीं स्थापन झालेली, म्हणजे तेथील कित्येक संग्रहालयांहून जुनी. रॉथ्को, पोलॉक इत्यादि नामांकित चित्रकारांचीं आजवर अज्ञात असलेलीं चित्रें म्हणून या पेढीनें सुमारें ८ कोटि डॉलरांचा माल विकला. तीं सारीं न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागांत राहणाऱ्या एका चिनी चित्रकारानें काढलेलीं होतीं, आणि त्याच्या हातीं त्यांतील अगदीं अल्प अंश पडला. एका चित्रावर तर पोलॉकच्या सहींतील एक अक्षरच गळालें होतें! पण एवढ्या जुन्या पेढीच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राची सही कोण वाचून पाहतो? रंगांची रासायनिक परीक्षा झाली, तेव्हां चित्रकाराच्या मृत्यूनंतर निघालेला रंग त्यांत सांपडला. २०११ सालीं पेढी बंद झाली, आणि हीं चित्रें आणून देणाऱ्या दलाल बाईनें २०१३ मध्यें गुन्हा कबूल केला. आपणही फसलों, असें पेढीच्या संचालिकेचें म्हणणें. येथें चित्रच खोटें होतें. खरी होती ती केवळ दीडशें वर्षांची पत, आणि तीच खोट्याचें पांघरूण झाली.

या तीन कथा शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे गॅलरीच्या धंद्याचें मर्म ध्यानांत येतें. चित्र चांगलें कीं वाईट हें चित्रकाराच्या हातावर अवलंबून असतें. त्याची किंमत विकणाराच्या शब्दावर ठरते. हा शब्द प्रामाणिक असला, तर उपेक्षित चित्रकारास तो उशिरां कां होईना जगापुढें आणतो. अप्रामाणिक असला, तर करणारीचें नांवही हिरावून घेतो. आणि डोळे मिटून मानला, तर शहाण्यासुरत्यांसही फसवितो. म्हणून चित्रप्रदर्शनांत जाणारानें आधीं चित्र नीट पाहावें, मग त्याखालील नांवाची पाटी वाचावी, आणि किंमत अगदीं शेवटीं विचारावी. पुष्कळ लोक हा क्रम उलटा करतात. नोडलरच्या गिऱ्हाइकांनींही तेंच केलें.