हिशोबाची जादा प्रत किती दिवस ठेवायची?

मैत्रिणींनो, नियमित हिशोब लेखन हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र. आता कितीतरी गटांच्या ताई वहीसोबत मोबाईलवर किंवा ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवरही हिशोब ठेवतात. त्याची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, घ्यायला हवा हे बहुतेकींना माहीत आहे. पण घेतलेली प्रत टिकते किती दिवस, हे फार थोड्या जणी विचारतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ताईने जूनमध्ये कर्जाचा २,००० रुपयांचा हप्ता भरला. ऑगस्टमध्ये एक्सेलची फाईल आवरताना ती ओळ चुकून पुसली गेली. मार्चअखेर हिशोब जुळवताना तिच्या नावावर २,००० रुपये जास्त बाकी दिसले. बॅकअप तर रोज होत होता, पण सॉफ्टवेअर शेवटच्या ७ प्रतीच ठेवत होतं. त्या सातही प्रती मार्चच्या, म्हणजे सगळ्या चुकलेल्या. भरलेला हप्ता दाखवायचा कुठून?

मुदत ठरवायची म्हणजे काय?

घरात आपण हेच करतो. दूध उद्यापर्यंत, भाजी दोन-चार दिवस, धान्य वर्षभर आणि बियाणं पुढच्या पेरणीपर्यंत. सगळंच ठेवलं तर जागा पुरत नाही, सगळंच टाकलं तर वेळेला हाती काही लागत नाही.

बॅकअपच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'किती प्रती ठेवायच्या' हे ठरवता येतं. सोपा नियम असा:

- रोजच्या ७ प्रती
- आठवड्याच्या ४ प्रती
- महिनाअखेरच्या १२ प्रती
- ३१ मार्चची प्रत कायमची

पहिल्या तीन मिळून २३ प्रती होतात. वरच्या उदाहरणात हा नियम असता, तर जुलैअखेरची प्रत उघडून हप्ता लगेच सापडला असता.

काही ठिकाणी प्रतींऐवजी दिवस विचारतात, जसं '३० दिवसांपेक्षा जुनं पुसा'. इथे जपून. कॉम्प्युटर दोन महिने बंद पडला, तर काही सॉफ्टवेअर पुन्हा सुरू होताच सगळ्या जुन्या प्रती पुसू शकतं. म्हणून 'निदान इतक्या प्रती ठेवाच' अशी सोय असेल तर ती चालू करा.

मोबाईलवर काय होतं?

गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाईल कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. एक्सेल फाईलची नवी प्रत जुनीवर चढवली, तर जुनी आवृत्तीही साधारण ३० दिवसच मिळते. ती टिकवायची असेल तर आवृत्त्यांच्या यादीत जाऊन 'कायम ठेवा' हा पर्याय निवडावा लागतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला, तर तो ६० दिवसांपर्यंत परत आणता येतो.

व्हॉट्सॲपचा ड्राइव्हवरचा बॅकअप जुन्या बॅकअपच्या जागी नवा बसवतो. म्हणून पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला की काम झालं, असं समजू नका. तो वेगळा जतन करा. आणि गूगलची फुकट जागा १५ जीबीच असते. ड्राइव्ह, जीमेल, फोटो सगळं त्यातच. ती भरली की नवा बॅकअप थांबतो.

गटासाठी वेगळं खातं काढलं असेल, तर ते अधूनमधून उघडत जा. २ वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं.

काय ठेवायचं, काय पुसायचं?

ठराव, इतिवृत्त, वर्षअखेरचा हिशोब, लेखापरीक्षण अहवाल कायम ठेवा. कर्जाचे कागद कर्ज फिटल्यावरही लगेच पुसू नका. पैशाच्या दाव्याला कायद्याने सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, तेवढं तरी थांबा. पण सभासदांच्या आधारकार्डाचे फोटो काम झालं की पुसा, कचरापेटीतूनही. जी गोष्ट लागत नाही, ती फोनमध्ये पडून राहिली तर चुकीच्या हाती जायची भीती.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. मुदतीचा नियम ठराव करून इतिवृत्तात लिहा.
२. महिनाअखेरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. फाईलच्या नावात महिना आणि वर्ष घाला. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरपासून वेगळ्या घरी ठेवा.
३. खात्याचा पासवर्ड एकीलाच माहीत नको, निदान दोघींकडे असू द्या.
४. तीन महिन्यांतून एकदा जुनी प्रत खरंच उघडून बघा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

आणि वही सोडू नका, बरं का! सह्या, अंगठे वहीतच असतात. जादा प्रत वहीच्या जोडीला आहे, वहीच्या जागी नाही. भांडण मिटवायला दोन्ही लागतात.