कानातला गोड वास

बाळ जन्मून जेमतेम बारा तास झालेले असतात. जाणती सुईण त्याच्या कानातून कापसाची काडी हलकेच फिरवते आणि नाकाशी धरते. गुऱ्हाळात पाक उतरायला आला की सुटतो तसा जळका-गोड वास काडीवरच्या मळाला आला, तर पुढचा एकही तास वाया घालवून चालत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर काउंटीत जुन्या वळणाची मेनोनाइट कुटुंबं राहतात. या वासाचा अर्थ तिथे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आजाराचं नावही लघवीला येणाऱ्या अशाच, मेपल झाडाच्या पाकासारख्या वासावरून पडलं आहे : मेपल सिरप युरिन डिसीज. आपण दूध प्यायलो, वरण खाल्लं, की त्यातल्या प्रथिनांतून ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं मिळतात. गरजेपुरती वापरून उरलेली शरीर मोडून टाकतं. या मुलांमध्ये ती मोडणारं एन्झाइमच काम करत नाही. ल्युसिन रक्तात साठत जातं आणि मेंदूला सूज आणतं. आईचं दूधदेखील या बाळाला बाधतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते किरकिरतं, अंगावर ओढेनासं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी पाठ धनुष्यासारखी ताणली जाते, सायकल चालवावी तसे पाय हलू लागतात. उपचार मिळाले नाहीत, तर सात ते दहा दिवसांत बाळ बेशुद्ध होतं आणि श्वास थांबतो. जॉन मेंकेस या डॉक्टरांनी 1954 मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला, तो एकाच घरातली चार तान्ही मुलं गेल्यावर.

जगात सुमारे 1,85,000 जन्मांमागे असं एक मूल आढळतं. जुन्या वळणाच्या मेनोनाइटांत हेच प्रमाण साधारण 380 जन्मांमागे एक आहे. कारण इतिहासात आहे. 1525 मध्ये झ्युरिकमध्ये प्रौढ वयातला बाप्तिस्मा मानणारा पंथ उभा राहिला. मेनो सायमन्स या धर्मगुरूवरून त्यातल्या एका शाखेला मेनोनाइट हे नाव मिळालं. युरोपात त्यांचा छळ झाला, तेव्हा 1683 पासून त्यांची कुटुंबं पेनसिल्व्हेनियात येऊ लागली. आलेली घराणी मोजकी, लग्नं पंथातच, आणि घरोघरी मुलं भरपूर. सुरुवातीच्या एखाद्या पूर्वजातला दोष अशा समाजात पसरत जातो. आज त्यांच्यातला साधारण दहातला एक जण हा दोष नकळत वाहतो. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या मराठी घरांनीही हा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे, कारण नात्यातल्या लग्नात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते आणि नवजात बाळांची अशा आजारांसाठी तपासणी आपल्याकडे सरसकट होत नाही.

बाहेरच्यांचा समज असा, की घोडागाडीतून फिरणारी ही माणसं औषधोपचार नाकारत असतील. ते खरं नाही. ती इस्पितळात जातात, पण विमा काढत नाहीत. संकटात चर्चच्या मंडळीनेच एकमेकांचा भार उचलायचा, ही त्यांची श्रद्धा आहे. 1965 मध्ये सरकारनेही अशा पंथांना सामाजिक सुरक्षेच्या योजनेतून सूट दिली. अडचण होती ती अंतराची. मोठं इस्पितळ दूर फिलाडेल्फियात. रक्ताचा नमुना बाहेर पाठवायचा आणि निकालाची वाट बघायची. या आजारात वाट बघायला दिवस नसतात. देवाची इच्छा म्हणून या घरांनी जे दुःख सोसलं, त्यातलं बरंचसं मला वाटतं या अंतरातून आलेलं होतं.

होम्स मॉर्टन या बालरोगतज्ज्ञाने ते अंतर मिटवायचं ठरवलं. पत्नी कॅरोलाइन यांच्यासोबत त्यांनी 1989 मध्ये त्याच काउंटीतल्या स्ट्रासबर्गजवळ ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’ सुरू केलं. पैशांसाठी राहतं घर गहाण टाकायची त्यांची तयारी होती. एका वृत्तपत्रात त्याची बातमी आली आणि देणग्या आल्या. दवाखान्याच्या इमारतीचा लाकडी सांगाडा आमिश या तशाच जुन्या वळणाच्या पंथातल्या आणि मेनोनाइट शेतकऱ्यांनी जमून, धान्याचं कोठार उभारतात तसा, हातांनी उभा केला. तपासणीची यंत्रं आत, शेताच्या मधोमध. निकाल त्याच दिवशी.

त्यामुळे मुलं जगू लागली. पण जगणं म्हणजे रोजचा तराजू. या मुलाचं मुख्य अन्न म्हणजे ल्युसिन नसलेली भुकटी पाण्यात कालवून केलेलं, चवीला वाईट पेय. बटाटा, भात, फळं ग्रॅमवर मोजून. मांस, अंडी, चीज जवळजवळ नाहीच, आणि तेही दुधाच्या धंद्यावर चालणाऱ्या घरात. आई स्वयंपाकघरात लघवीच्या नमुन्यात एका रसायनाचे थेंब टाकते. नमुना गढूळ पिवळा झाला, की काळजी सुरू. साधा ताप आला, तरी शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागतं आणि त्यातलं ल्युसिन रक्तात उतरतं. म्हणजे पथ्य अगदी काटेकोर पाळूनही घात होतो. मुलगा चालताना झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, की गाडी बोलवायची.

पंधरा-सोळाव्या वर्षी हे सगळं जास्त जड होतं. आठवीनंतर शाळा संपलेली असते, बरोबरीची मुलं शेतावर राबतात, रविवारी जमून गातात, लग्नात पोटभर जेवतात. याच्या हातात मात्र स्वतःचा डबा. या आजारात चिंता, नैराश्य आणि लक्ष न लागणं हेही बरंच आढळतं. तो हट्टी नसतो, आळशी नसतो; त्याचा मेंदू लहानपणापासून मार खात आलेला असतो. आणि एखाद्या हिवाळ्यात पोट बिघडतं, उलट्या थांबत नाहीत, मेंदूची सूज आवरत नाही.

असा मुलगा गेला की शेजारी न बोलावता गोठ्यात शिरतात आणि धारा काढतात. कबर गावातलीच माणसं खणतात. शवपेटी साध्या लाकडाची, समाधीचा दगडही साधा. त्याच्या आजारपणातही ही माणसं अशीच जवळ असतात. ‘दी बोटशाफ्ट’सारख्या त्यांच्या वृत्तपत्रात, अमक्या मुलाला पत्रं पाठवा, अशी विनंती छापून येते आणि टपालपेटी भरते. इलाजाचा खर्च मंडळीच्या वर्गणीतून निघतो. गोधड्या, लाकडी सामान आणि खाद्यपदार्थ विकले जाणारे वार्षिक लिलाव क्लिनिकला पैसा देतात.

2004 पासून पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयात या आजारासाठी यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया होऊ लागली. नव्या यकृतात ते एन्झाइम असतं, त्यामुळे तराजू बाजूला ठेवता येतो. मात्र शरीराने यकृत नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात आणि मेंदूला आधीच झालेली इजा भरून येत नाही. काही आईबाप तयार होतात, काही पथ्यावरच राहतात, आणि दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले असतात. मुलाचं काढलेलं यकृत फेकावं लागत नाही. त्यात तेवढं एक एन्झाइम नसतं, बाकी ते धडधाकट असतं. यकृत निकामी झालेल्या दुसऱ्या रुग्णाला ते बसवता येतं, कारण त्याच्या स्नायूंमध्ये आणि इतर अवयवांत हे एन्झाइम पुरेसं असतं.