तांब्याची सळई निवताना

एक मीटर लांब तांब्याची सळई सगळीकडे सारखी १०० अंश सेल्सिअसला तापवली, अंगाभोवती उष्णता निसटू नये असं वेष्टन गुंडाळलं, आणि दोन्ही टोकं एकदम बर्फाच्या पाण्यात धरली. पंधरा मिनिटांनी मध्यावर तापमान किती?

उष्णतेचं समीकरण सांगतं ते एवढंच: एखाद्या ठिकाणचं तापमान किती वेगाने बदलेल, हे तापमानाचा आलेख तिथे किती वाकलाय त्यावर ठरतं. आजूबाजूच्या सरासरीपेक्षा जो बिंदू गरम, तो निवतो. आलेख सरळ असेल, मग तो कितीही तिरका असो, तर उष्णता नुसती पुढे जाते; तापमान हलत नाही.

इथे साइनचा वक्र कामाला येतो. तो जिथे जितका उंच, तिथे त्याच प्रमाणात वाकलेला. त्यामुळे प्रत्येक बिंदू आपापल्या उंचीच्या हिशेबाने उतरतो आणि अख्खी कमान आकार न बदलता बसत जाते. सळईत कमानी पुऱ्या मावल्या की टोकांना शून्यही आपोआप मिळतं.

पण आपली सुरुवात तर सपाट. सपाट रेषा कमानींनी बांधायची? ग्रनोबलला प्रीफेक्टची नोकरी सांभाळत जोसेफ फूरिएने १८०७ मध्ये पॅरिसला असंच काहीसं लिहून पाठवलं, तेव्हा लाग्रांजसारख्या गणितज्ञाला ते पटलं नाही. फूरिएचं पुस्तक यायला १८२२ उजाडलं.

आपल्या सळईसाठी एका कमानीचा वाटा १२७.३ अंश, तीन कमानींचा ४२.४, पाचांचा २५.५, असं पुढे. सम संख्येच्या कमानी येतच नाहीत, कारण सळईचे दोन्ही अर्धे भाग सारखे आहेत. मध्यावर या वाट्यांची चिन्हं आलटूनपालटून अधिक-उणे होतात.

कमानी तिप्पट झाल्या की वाक नऊपट, म्हणून उतरण्याचा वेगही नऊपट. तांब्यात एक कमान सुमारे पंधरा मिनिटांत मूळच्या ३७ टक्क्यांवर येते. तीन कमानींना पावणेदोन मिनिटंही लागत नाहीत. मिनिटभराने मध्यावर बेरीज करून पाहा: ११९.२ उणे २३.५ अधिक ४.९ उणे ०.७, म्हणजे ९९.९. टोकं गारठली, मध्याला अजून पत्ताच नाही!

पंधराव्या मिनिटाला मात्र पहिली कमान सोडून बाकीच्या जवळपास शून्य. मध्यावर सुमारे ४७ अंश. सळई दोन मीटरची असती, तर इथवर यायला तिला तास लागला असता.